डोळे न उघडलेली पाच तोंडे

२९ सप्टेंबर १९८६, सोमवार. रुपये एकशे पंचाहत्तर. सेलूतल्या आमच्या वाचनालयाच्या नाट्य शाखेने पेडगावच्या कडूबाईंना पाच मुखवटे करायला सांगितले, नगास पस्तीस रुपये, त्याची ही नोंद. शाखेचा खजिनदार मी होतो, म्हणून अक्षर माझे आहे. पुढच्या वर्षी मी खरेदी-विक्री संघातून निवृत्त होईन आणि ही वहीसुद्धा दुसऱ्या कुणाकडे जाईल. त्याला या एका ओळीवरून काही कळायचे नाही. म्हणून कडूबाईंबद्दल मला जे माहीत आहे ते सविस्तर लिहून ठेवतो.

तेव्हा कडूबाई अडतीस-चाळीसच्या असतील. घरी अडीच एकर कोरडवाहू. दिवाळीच्या आधी त्या आणि त्यांचे यजमान मुंजाजी टोळीबरोबर ऊसतोडीला जात आणि वैशाखाच्या तोंडाला परत येत. मग पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी. या सगळ्यातून वेळ काढून त्या ओसरीवर कागदाचा लगदा घेऊन बसत. रद्दी आठ दिवस रांजणात भिजवायची, उखळात कुटायची, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची आणि चिंचोक्याच्या खळीने मळायची. अशा लगद्याच्या टोपल्या आमच्याकडच्या पुष्कळ बायका करतात. कडूबाई टोपल्यांबरोबर तोंडेही करीत. सोंगाच्या मुखवट्याला त्यांच्या घरी तोंडच म्हणतात.

"बसून करायचं एवढंच एक काम हाय मला," त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. "बाकी समदं उभ्यानं, न्हाईतर वाकून."

ऊसतोडीची माणसे परतली की वैशाखात त्यांच्या गल्लीत सोंगे निघतात. नरसिंह, मारुती, वेताळ. हलगीवर नाचतात, पण बोलत नाहीत. तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पूर्ण असते. त्याचे डोळे रंगवलेले असतात, आणि नाचणारा त्या डोळ्यांखालच्या बारीक फटींतून बघतो. नरसिंहाचे सोंग घ्यायचा मान मुंजाजींच्या घराण्याचा आणि तोंडे करायचे काम त्याच घरातल्या बाईचे, सासूकडून सुनेकडे आलेले. कडूबाईंच्या सासूबाई तानुबाई यांची बोटे वाताने आखडली, तेव्हा त्यांनी ते सुनेच्या हाती दिले आणि सोबत एक नियम दिला. तोंड पुरे झाले की सगळ्यात शेवटी काजळाने बुबुळे काढायची, कुंकू लावायचे, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवायचा. याला डोळे उघडणे म्हणतात. डोळे उघडलेल्या तोंडाला पुन्हा पाते लावायचे नाही.

कडूबाईंची थोरली बहीण दगडाबाई सेलूत राहते आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. तिच्याकडून आम्ही ज्वारीच्या पिठासाठी एक टोपली घेतली होती. एका संध्याकाळी वैजीनाथ सर घरी आले, त्यांनी ती टोपली उचलली आणि बुडावर बोटाने टकटक करून बघण्यासाठी सरळ उपडी केली.

"अहो, पीठ तरी काढू द्या!" बायको आतून धावत आली.

सरांचे लक्षच नव्हते. "एवढी हलकी, एवढी टणक," ते म्हणाले. "हे करणारी बाई कुठं भेटंल?"

वैजीनाथ सर मूळ मानवतचे, शाळेत मराठी शिकवीत. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकून आलेले. त्या विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा मराठवाडाभर मोर्चे आणि बंद चालत, सरही त्यावर तावातावाने बोलत, पण कुणी जरा शांतपणे ऐकणारा भेटला की त्यांचा विषय दुसराच निघे. इटलीतले मुखवट्यांचे नाटक. वाचनालयाला पंचवीस वर्षे पुरी होत होती. २५ ऑक्टोबरला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला होता आणि त्यात सरांना तेच नाटक बसवायचे होते.

कडूबाई बहिणीकडे आल्या तेव्हा आमच्या ओसरीवर ही बोलणी झाली. सरांनी त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले. चारशे वर्षांपूर्वी तिकडे नाटकवाल्यांच्या टोळ्या असत. गाड्यांत सामान घालून गावोगाव हिंडत, बाजाराच्या जागी फळ्या टाकून खेळ करीत. पात्रे ठरलेली. एक कंजूष म्हातारा व्यापारी, एक शहाणपणा पाजळणारा पंडित, एक फुशारक्या मारणारा कप्तान, आणि दोन नोकर, एक बेरकी, एक भुकेला. ज्याने कप्तान घेतला तो बहुधा जन्मभर कप्तानच. मुखवटे चामड्याचे, लाकडी साच्यावर ओले चामडे ठोकून केलेले. बघणाऱ्याला मुखवटा दिसला की हा कोण ते कळे, सांगावे लागत नसे.

"टोळ्या म्हणजे आमच्यासारख्याच की," कडूबाई म्हणाल्या. "त्यांचा मुकादम कोण?"

"असायचा एक म्होरक्या. खेळात कुणी काय करायचं ते एका कागदावर लिहून पडद्यामागं टांगायचा."

"आन् हिरोईन? तिचं तोंड सांगितलं न्हाई तुमी."

"तिला मुखवटा नसतो. त्या टोळ्यांत बायकांची कामं बायकाच करायच्या, पण उघड्या चेहऱ्यानं."

कडूबाई हसल्या. "मंजी तिथं बी बायांनी बिनसोंगाचंच निभवायचं."

चामडे आम्हाला परवडणारे नव्हते आणि लगदा सरांना पसंत होता. सरांनी पाच चित्रे काढून दिली. कागद मी दिला, संघाच्या जुन्या वहीतला, आणि पाने वाया जाऊ नयेत म्हणून एकेका चित्रापुरता अर्धा फाडून. रद्दीही वाचनालयातून दिली, दोन पोती. नामांतराच्या बाजूची वर्तमानपत्रे आणि विरोधातली वर्तमानपत्रे पेडगावच्या एकाच रांजणात भिजली.

निघताना कडूबाई म्हणाल्या, "सासूबाईला इचारून सांगते." दोन दिवसांनी दगडाबाईकडून निरोप आला. तानुबाईंनी होकार दिला होता, पण अट घालून. नाटकवाल्यांचे काम करताना डोळे उघडलेल्या तोंडाला पाते लागले, तर वैशाखाच्या सोंगांना सुनेने हात लावायचा नाही, ते काम धाकट्या जावेकडे जाईल. अटीत अवघड काही नाही असे आम्हाला वाटले.

१९ ऑक्टोबर, रविवार. रास्ता रोकोमुळे एसटी बंद होती. कडूबाई पॅसेंजरने आल्या, मांडीवर नव्या धडप्यात बांधलेले गाठोडे घेऊन. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तालीम चालली होती. त्या दारातच हसत उभ्या राहिल्या.

"टीसी म्हनतंय, गाठोड्यात काय हाय? दाखवलं. तर म्हनतंय, ह्या पाच जनांची तिकिटं कुठंयत?"

गाठोडे सुटले आणि सगळे तालीम सोडून भोवती जमले. पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा व्यापारी, गालावर हळदीची झाक असलेला पंडित, घोड्याच्या केसांच्या मिशांचा कप्तान, कपाळावर टेंगूळ आलेला भुकेला नोकर, एक भुवई वर चढवलेला बेरकी नोकर. मी आयुष्यात इतके देखणे काम जवळून पाहिलेले नाही. पण पाचही चेहरे पूर्ण होते. ओठ होते, दात होते, हनुवट्या होत्या. डोळे काजळाने उघडलेले होते आणि पाची कपाळांना कुंकू होते.

कप्तानाचे काम दत्तराव करीत. बँकेत कॅशियर, आवाज खणखणीत. त्यांनी तोंड चढवले आणि आपले भाषण सुरू केले. कणगीत तोंड घालून कुणी ओरडावे तसा आवाज आला. बाहेर एक शब्द कळेना.

"काय म्हणता, कप्तानसाहेब?" कुणीतरी विचारले.

दत्तरावांनी तोंड वर सरकवले. "म्हणतो की मी एकट्यानं तीनशे शत्रू मारले. पण आत मीच मरायलोय."

वैजीनाथ सर चित्र घेऊन आले. चित्रातला चेहरा वरच्या ओठापाशी संपला होता. "कडूबाई, अर्धंच तोंड पाहिजे होतं. इथपर्यंत. खालचं माणसाचं."

कडूबाईंनी चित्र हातात घेतले, उलटून पाठ पाहिली. "तुमचा कागद सरला म्हनून तुमी थांबलात, असं मला वाटलं. बिनतोंडाचं तोंड कोन करंल? मी म्हनलं, गरिबाचा कागद, आपुन पुरं करून द्यावं."

कागद अर्धा मीच फाडला होता.

खेळाला सहा दिवस होते. सरांनी सुताराच्या पेटीतून आरीचे पाते काढले आणि व्यापाऱ्याच्या नाकाखाली पेन्सिलीने रेघ मारायला वाकले. कडूबाईंनी पटकन पदर त्या तोंडावर टाकला आणि वर हात ठेवला.

"न्हाई सर. डोळे उघडल्यात त्याचे."

"कडूबाई, हा देव नाही. इटलीचा कंजूष म्हातारा आहे."

"आसंल. पन निवद खाल्लाय त्यानं माझ्या हातचा."

"पेडगावात कुणाला कळणार आहे?"

"सासूबाईला कळंल का न्हाई ते सोडा. मला कळलंच की." त्या खाली बसल्या, हात तसाच पदरावर. "सर, वरसात सा म्हैने कोयता असतो माझ्या हातात. घरी आल्यावर खुरपं. वैशाखाची तोंडं करायला मी बसते, तवा कुनी मला ऊठ म्हनत न्हाई. सासूबाई बी म्हनत न्हाई. ते गेलं तर मला बसायचा ठावच न्हाई."

सरांनी पाते पेटीत ठेवले. मग कडूबाईंनीच विचारले, "पन तोंड उघडं कामून लागतं? आमचं सोंग तर मुकंच असतंय."

सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्या नाटकाला लिहिलेली वाक्ये नसतातच, ते म्हणाले. पडद्यामागच्या कागदावर एवढेच असते की नोकर येतो, त्याला भूक लागलेली आहे, मालक चावी शोधतो आहे. बाकी सगळे तिथल्या तिथे बोलायचे. समोर कापसाचे व्यापारी बसले असतील तर कापसावर, शिपाई असतील तर शिपायांवर. नोकराने हवेतली माशी पकडून मिटक्या मारत खाल्ली की लोक हसून लोटपोट. ते ओठ दिसले पाहिजेत. डोळेसुद्धा माणसाचेच दिसले पाहिजेत.

"डोळे बी माणसाचे?"

"हो. मोठी भोकं ठेवायची. आतून माणूस बघतो."

कडूबाई उठल्या. पाची तोंडे ओळीने मांडून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांला काई करायचं न्हाई. ह्यांची लेकरं करते मी. ह्यांच्यावरच थापून काढते, नाकापातूर. ह्यांला पातं लागत न्हाई आन् तुमचं बी अडत न्हाई."

"वाळायला आठ दिवस लागतात म्हणाला होतात."

"सावलीत आठ. दगडे, तुमच्या जिनिंगचं पत्र्याचं छप्पर तापतंय का?"

दगडाबाई बहिणीला घ्यायला आली होती. "ऑक्टोबरचं ऊन हाय. दुपारी कावळा सुदीक बसत न्हाई त्याच्यावर."

सुदैवाने टोपल्यांसाठी भिजवलेला लगदा दगडाबाईच्या घरी होता. मेथी नव्हती. सोमवारी सकाळी मी किराणा दुकानात पोचेपर्यंत कडूबाईंनी कमरेच्या पिशवीतून साडेतीन रुपये काढून अर्धा किलो मेथी घेतली होती. मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "वाटायची घाई हाय मला, हिशोब मागून करा."

त्या दिवशी दुपारी मी जिनिंगवर गेलो. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, गोडाऊन रिकामेच होते. कडूबाईंनी प्रत्येक तोंडाच्या डोळ्यांवर आधी मऊ धुडक्याची ओली पट्टी ठेवली, झोपलेल्या लेकराचे डोळे उन्हापासून झाकावेत तशी. मग त्यावर तेलाचा हात फिरवला आणि कपाळापासून नाकापर्यंत लगदा थापायला घेतला. बोटाच्या पेराने जाडी मोजत होत्या. संध्याकाळी लगदा आवळून आला तेव्हा नवी तोंडे अलगद सोडवली, आणि वाकडी होऊ नयेत म्हणून पोटात वाळू भरून ठेवली. पुढचे तीन दिवस दोघी बहिणी शिडी लावून ती पत्र्यावर चढवीत, अर्ध्या अर्ध्या तासाने कूस बदलीत आणि ऊन उतरले की खाली आणीत.

व्यापाऱ्याचे नाक उन्हाने टोकाशी जरा लोंबले. कडूबाई ते पुन्हा उचलू पाहत होत्या. सर म्हणाले, "राहू द्या, राहू द्या! पैशाकडं बघून वाकलंय ते."

शुक्रवारी रंग झाले. गेरू, हळद, काजळी. शेवटी मी विचारले, "डोळे कधी उघडायचे?"

"ह्यांचे उघडायचेच न्हाईत," कडूबाई म्हणाल्या. "भोकं ठेवलीत की. ज्याला चढवायचं त्यानं आपलेच उघडावेत." कुंकूही लावले नाही. म्हणाल्या, "काम झाल्यावर पुन्हा कवा कुठं कापावं-सांधावं लागलं, तर तुमी मोकळे."

शनिवारी संध्याकाळी सात वाजता खेळ झाला. मागच्या पडद्यावर सरांनी पाची पूर्ण तोंडे ओळीने टांगली, आणि त्यांच्यापुढे त्यांचीच लेकरे बोलू लागली. भुकेला नोकर सर स्वतःच झाले होते. अर्धी भाकरी तिघांना वाटून, ती तिन्ही वाटण्या स्वतःच खाऊन ते पुन्हा उपाशी राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि पहिल्या रांगेतली पोरे त्यांच्याबरोबर चघळत होती. नायिकेचे काम बालवाडीच्या सुमनबाई करीत. त्यांनी उघड्या चेहऱ्याने म्हाताऱ्याला असे फैलावर घेतले की बायकांच्या बाजूने टाळ्या थांबेनात. दत्तराव ऐनवेळी पुढचे विसरले. पण त्या नाटकात विसरण्यासारखे काही नव्हतेच.

"तीनशे शत्रू मारले, आणि घरी यायला निघालो तर एसटी बंद!" ते गरजले. मैदान हसून फुटले. मोर्चाला गेलेलेही हसले आणि मोर्चाला विरोध करणारेही.

कडूबाई आणि मुंजाजी बाजूला सतरंजीवर बसले होते. मुंजाजींनी वीस वर्षे नरसिंहाचे सोंग घेतलेले. ते खेळभर पुढे वाकून बघत होते. शेवटी बायकोला एवढेच म्हणाले, "वारं लागत असंल न्हाई त्येंच्या हनुवटीला?"

दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण तोंडे पोचवायला मी आणि सर त्यांच्याबरोबर पॅसेंजरने पेडगावला गेलो. मंगळवारी टोळीचा ट्रक येणार होता, ओसरीवर त्यांची बोचकी बांधलेली होती. तानुबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी एकेक तोंड मांडीवर घेतले आणि आखडलेल्या अंगठ्याने हनुवटीखालून कानापर्यंत, कानापासून कपाळापर्यंत सगळी कड चाचपली. पाचव्या तोंडाशी त्यांचा अंगठा डोळ्यावर थांबला. कडूबाई खांबाला धरून उभ्या होत्या.

"ह्या डोळ्यावर वल आलती," तानुबाई म्हणाल्या. "काजळ फिक्कं झालंय."

"पट्टी ठिवलती आत्याबाई. पातं न्हाई लागलं."

"ते दिसायलंय मला." मग त्या आमच्याकडे वळल्या. "आन् तुमचं सोंग बोलतंय म्हनं?"

"बोलतं की," सर म्हणाले आणि उभे राहून कप्तानाच्या फुशारक्या म्हणून दाखवू लागले. तीनशे शत्रू, सोन्याचा घोडा, राजाच्या मुलीची मागणी. तानुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आमचं बोलत न्हाई तेच बरं हाय बाबा. समद्या गावचं ठावं असतंय त्येला."

मग सुनेला म्हणाल्या, "नरसिंहाची आयाळ झडलीया. औंदा नवं तोंड कर. आन् ह्या पाच पाव्हन्यांचं बी काय ते बघ. डोळे उघडल्यात त्येंचे, कोपऱ्यात ठिवता येत न्हाई."

कडूबाईंनी खांब सोडला आणि चहा टाकायला आत गेल्या.

एकशे पंचाहत्तर रुपये मी तिथेच दिले. दहा तोंडे केलीत, काही वाढवून घ्या, असे म्हटले. "तुमी पाचच नेलीत," त्या म्हणाल्या, "आन् ही पाच घरचीच राहिली."

पुढच्या वैशाखात आम्ही मुद्दाम सोंगे बघायला गेलो. नरसिंह झाला, मारुती झाला, आणि त्यांच्यामागून हलगीवर चोचीच्या नाकाचा व्यापारी आला, पंडित आला, मिशांचा कप्तान आला, दोन्ही नोकर आले. एक शब्द न बोलता नाचले. बायका त्यांनाही ओवाळत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारले, हे कोण? "परदेशी पाव्हने हायत," तो म्हणाला. "कडूबाईच्या घरचे." आता त्याला सात वर्षे होतील, पाहुणे दरसाल निघतात.

तानुबाई नव्वद साली गेल्या. सरांची बदली जिंतूरला झाली. गेल्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तारही झाला. कडूबाईंनी गुडघ्यांमुळे ऊसतोड सोडली, त्याला दोन वर्षे झाली. आता मोठा मुलगा आणि सून टोळीबरोबर जातात आणि कडूबाई घरी तोंडे करतात. आता बसण्याखेरीज काही कामच नाही, असे त्या सांगतात, आणि सांगताना खूश दिसतात. धाकट्या नातीला लगदा मळायला बसवले आहे. आमची पाच अर्धी तोंडे वाचनालयाच्या कपाटात आहेत. व्यापाऱ्याचे नाक दोनदा सांधले. दोन्ही वेळा कडूबाईंनीच पाते लावले, बिनधास्त.

मेथीच्या पैशांचा विषय मी दर वैशाखात काढतो. "राहू द्या, तुमी सोंगाला येता त्यातच फिटलं," असे त्या म्हणतात. वहीत तसे लिहिता येत नाही. कडूबाईंचे मेथीचे साडेतीन रुपये शाखेकडे अजून देणे आहेत.